वाफेचा बंब अडला तो माणसांमुळे

संपादक महोदय,

अग्निशमन सप्ताहानिमित्त तुम्ही जुन्या वाफेच्या बंबांवर लेख छापलात, घोड्यांचे फोटो तर एक नंबर. पण 'वाफेचं इंजिन आलं आणि हातपंप गेले' असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही, मधे चांगली तीस वर्षं गेलीत आणि खरी गंमत तिथेच आहे.

लंडनमधे ब्रेथवेट आणि एरिक्सन ह्या दोघांनी १८२९ मधेच असा बंब बनवला होता. पुढच्याच फेब्रुवारीत तिथल्या अर्गाइल रूम्स ह्या गाण्याबजावण्याच्या हॉलला आग लागली, थंडी अशी की हातपंप गोठून बसले, हा पठ्ठ्या मात्र पाच तास पाणी मारत राहिला. तरी लंडनच्या फायरवाल्यांनी घेतला नाही तो नाहीच! हातपंपच चालू राहिले, त्यांचे दांडे हाणायला रस्त्यावरचे लोक धरायचे, पहिल्या तासाला एक शिलिंग आणि वर बीअर, आणि ती मिळाली नाही तर दांडे थांबलेच म्हणून समजा. ब्रिगेडचे प्रमुख ब्रेडवूड, माणूस धाडसी, पण त्यांचं म्हणणं की एवढा जोरदार फवारा हातात आला तर जवान आत शिरणारच नाहीत, लांबूनच मारत बसतील. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही हं. हेच ब्रेडवूड १८६१ मधे टूली स्ट्रीटच्या आगीत भिंत अंगावर पडून गेले. तोवर लंडनमधे वाफेचे बंब नुकते कुठे यायला लागले होते.

यंत्र म्हणाल तर आपल्या आंघोळीच्या तांब्याच्या बंबासारखंच, उभा बॉयलर, खाली जाळ, वर धुराडं. पुढे पुढे तर स्टेशनातच बॉयलरचं पाणी गरम ठेवायचे, घंटा झाली की घोडे जुंपायचे, जाळ पेटवायचा आणि आगीपाशी पोचेपर्यंत प्रेशर तयार.

तिकडे अमेरिकेत सिनसिनाटीला वेगळाच तमाशा, स्वयंसेवकांच्या टोळ्या आग सोडून एकमेकांशीच मारामाऱ्या करायच्या. शेवटी शहराने लॅट्टा ह्यांनी बनवलेला वाफेचा बंब घेतला आणि १ एप्रिल १८५३ पासून पगारी दल सुरू केलं, टोळ्या अर्थातच भडकल्या. हे यंत्र दारू पीत नाही, विटा फेकत नाही, तोटा एकच की मत देत नाही, असं दलाचे प्रमुख माइल्स ग्रीनवुड म्हणायचे म्हणतात.

पुढच्या भागात ह्या भांडणांना जागा द्या, घोड्यांचा एखादा फोटो कमी झाला तरी चालेल.

– एक नेहमीचा वाचक, डोंबिवली