मालवणच्या त्या माणसांचे मनापासून आभार

आम्ही सोलापूरच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनी. हिप्परग्याचा तलाव आणि उजनी एवढंच आमचं पाणी. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आसपासच्या उथळ समुद्रात आम्ही स्नॉर्केलिंग करू शकलो, ते तुमच्यामुळे.

होडीवाले काका, आमची एक मैत्रीण होडीची कड सोडायलाच तयार नव्हती. तुम्ही तिचा हात धरलात, नळीतून तोंडाने श्वास कसा घ्यायचा ते न चिडता पुन्हा पुन्हा करून दाखवलंत. पाण्यात उतरण्याआधीच तुम्ही सगळ्यांना बजावलंत, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, ते जिवंत आहे. प्रवाळाच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतं, गाळ ढवळला की तोच प्रकाश अडतो. पुस्तकात हे वाचलं होतं, पण आमच्या पायांना जपायला शिकवलंत तुम्ही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. ते राखतात ती तुमच्यासारखी माणसं, असं मला ठामपणे वाटतं.

आणि किनाऱ्यावरच्या मावशी, कुडकुडणाऱ्या पोरींना कोरडे टॉवेल दिलेत, सोलकढी पाजलीत, पैसे घेतले नाहीत.

तुम्हा दोघांसाठी घरची शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवतोय. मालवणला निघालेल्या ओळखीच्या माणसाकडे दिली आहे, जेट्टीवर विचारत येईल.