बाबा, एफडी मोडू नका

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बाबांच्या जुन्या क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणून फोन आईकडे देतात आणि आई, तू लगेच जेवलीस का, मुलांचा खोकला कसा आहे, यावर येतेस. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबांनी मोठ्यानं वाचावं आणि आईनं मध्ये उठून गॅसकडे जाऊ नये.

जे करून झालं आहे ते आधी सांगते. मी बँकेकडे लेखी तक्रार केली आहे. तुम्हाला न विचारता केली, कारण विचारलं असतं तर बाबा नको म्हणाले असते आणि त्यांचा शब्द मोडून करणं मला जास्त जड गेलं असतं. तक्रार माझ्या नावानं आहे, बाबांच्या नाही. त्या वसुलीवाल्यानं माझ्या ऑफिसात फोन करून, ज्या मुलीनं उचलला तिला बाबांबद्दल वाटेल ते सांगितलं. शेजारच्या वहिनींनाही त्यानं सोडलं नाही. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्या बँकांना लेखी बजावलं आहे की वसुलीसाठी कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, चारचौघांत मानहानी करायची नाही, आणि सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. बाबांना त्याचा फोन रात्री साडेनऊला येतो, बीपीची गोळी घेऊन पडल्यावर. मग मी गप्प का बसायचं? घेतले किती आणि फेडले किती, याबद्दल तक्रारीत एक अक्षर नाही. मुद्दामच नाही. का ते पुढे लिहिते.

बाबा, तुम्ही एफडी मोडायची चौकशी करून आलात हे आईनं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. ती एफडी आईच्या गुडघ्याची आहे. त्या माणसानं ४७ हजारांचे ३ लाख १२ हजार करून सांगितले, मग ‘काका, तुमच्यासाठी ६० हजारांत सेटलमेंट करतो, पण आज संध्याकाळपर्यंतच’ असं म्हणाला, आणि तुम्हाला तो भला माणूस वाटला. बाबा, खऱ्या सेटलमेंटला संध्याकाळची घाई नसते. बँकेचं पत्र येतं, त्यावर रक्कम असते, खातं बँकेचं असतं. कुणाच्या तरी मोबाईल नंबरवर पैसे पाठवायला सांगत नाहीत.

तुम्हाला काय टोचतं ते मला कळतं. कुपवाडचं शेड गेलं त्या वर्षात तुम्ही कुणाकुणाचे कसे फेडलेत ते मी पाहिलं आहे. स्टीलवाल्याचे फेडलेत, वीज बिल फेडलंत, लेथवरच्या पोरांचा शेवटचा पगार आईच्या पाटल्यांवर झाला. त्या कार्डाचंही २०१० पर्यंत भरत होतात, मग दादाचं झालं आणि राहिलं. त्याच्याबद्दल या घरात कुणी कुणाला बोल लावलेला नाही, आणि तुम्ही स्वतःलाही लावू नये असं मला फार वाटतं. देणं ठेवून जायचं नाही, असं आजोबा म्हणायचे. पण समोर घेणेकरी कोण आहे, हे तरी कळायला हवं ना? बँका अशी जुनी थकबाकी विकून टाकतात, ती दुसरीच कंपनी विकत घेते, ती वसुलीचं काम तिसऱ्याला देते, आणि फोन करणारा असतो चौथा. त्याच्या हातात दिलेले पैसे तुमच्या नावावर कुठे जमा होतील याचा काय भरवसा?

आता कायद्याचं. हे मी एका वकील बाईंकडून नीट समजून घेतलं आहे, ऐकीव नाही. अशा बिनतारणाच्या उधारीसाठी कोर्टात दावा लावायला ३ वर्षांची मुदत असते. मुदत कायदा १९६३ चा आहे, म्हणजे आपल्यासाठी कुणी वेगळी पळवाट काढलेली नाही. तुमचा शेवटचा भरणा २०१० चा, तेव्हा ती मुदत केव्हाच संपली. मुदत गेलेला दावा आला तर तो कोर्टानं फेटाळायचाच असतो, समोरच्यानं तो मुद्दा काढला नाही तरी. देणं पुसलं जातं असं मात्र कायदा म्हणत नाही. ते मागू शकतात. सभ्यपणे, वेळेत, तुमच्याशीच. कोर्टाच्या जोरावर वसूल करू शकत नाहीत, एवढंच.

आणि म्हणूनच त्यांना तुमची सही हवी आहे. करार कायदा आहे १८७२ चा, त्यात असं आहे की मुदत गेलेलं देणं ‘मी फेडीन’ असं लिहून सही केली, तर तो नवा करार धरला जातो. म्हणजे मेलेलं प्रकरण आपल्याच सहीनं उठून बसतं. तेव्हा बाबा, कशावरही सही नाही. ‘फक्त पत्ता पडताळणी आहे’ म्हणाले तरी नाही. व्हॉट्सअॅपवर ‘जमेल तसे देतो’ असंही लिहायचं नाही. माझ्या तक्रारीत रकमेबद्दल एक अक्षर नाही तेही याचसाठी. आणि ‘काका, निदान २ हजार टोकन टाका, फाइल थांबवतो’ याला तर अजिबात भुलू नका. एकदा आपण होऊन दिले की ते परत मागता येत नाहीत, आणि इथून पैसे निघतात हे त्याला कळतं.

तो म्हणाला ना, घरातलं सामान उचलून नेऊ? आई, तू त्या रात्री फ्रिजवरचं कव्हर काढून कपाटात ठेवलंस असं वहिनी म्हणाल्या. मला ते ऐकून जेवण गेलं नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय कुणी तुमच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू शकत नाही. आणि अगदी कोर्टाची जप्ती आली तरी दिवाणी कायद्यात लिहून ठेवलं आहे की अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रूढीप्रमाणे बाईनं अंगावरून उतरवायचे नसतात असे दागिने, यांना हात लावता येत नाही. म्हणजे तुझं मंगळसूत्रही. कारागिराची हत्यारंसुद्धा त्यात आहेत, बाबा. तुमचा मायक्रोमीटर त्याच्या डबीत, तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला, तसाच राहील. आईची पेन्शन आईच्या शाळेतल्या नोकरीची आहे, त्या कार्डावर तिचं नाव नव्हतं, तिचा काही संबंध नाही. घर आईच्या नावावर. दूध, पेपर, औषधं, केबल, सगळं चालू आहे तसं चालू राहील. आणि पोलीस येणार नाहीत. कार्डाचे पैसे थकले म्हणून पोलीस कुणाला उचलत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. व्हिडिओ कॉलवर कुणी खाकी घालून ‘अटक’ म्हणाला तर फोन ठेवा आणि मला करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरला फोन करायचा, पण ती वेळ येणार नाही.

पावती दाखवा, असं तो परत परत म्हणतो तेव्हा तुम्ही अपराध्यासारखे होता. बाबा, पावत्या कुठे गेल्या हे आपल्याला माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या सगळ्या घरांतले कागद जिथे गेले तिथेच. पाणी ओसरल्यावर आपण लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला, फाइल उचलली तर चिखलाचा लगदा. तुम्ही एकेक कागद सोडवून गच्चीवर विटांखाली वाळत घातलात, आईनं काहींवरून हलकी इस्त्री फिरवली. शाई सगळी पसरलेली. एका पावतीवर नुसता जांभळा शिक्का राहिला होता, आकडा नाही, तारीख नाही. तुम्ही तीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलीत. असा माणूस पैसे बुडवणारा असतो का? हिशोब दाखवायचा तर तो मागणाऱ्यानं दाखवावा. माझ्या तक्रारीत मी एवढंच विचारलं आहे की माझ्या घरच्यांना फोन करणारी ही एजन्सी कोण, आणि तिला बँकेनं नेमल्याचं पत्र कुठे आहे.

बँकेला उत्तर द्यायला ३० दिवस आहेत. नाही दिलं किंवा धड दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. त्यांचा मदतीचा नंबर १४४४८, मी कॅलेंडरवर लिहून ठेवीन. तेव्हा मात्र तुमच्या वतीनं मी बोलावं अशा पत्रावर बाबांची सही लागेल. ते पत्र मी स्वतः घेऊन येईन. तेवढी एकच सही.

लहानपणी शनिवारी संध्याकाळी मी तुमच्या लुनावर पुढे उभी राहून शेडवर यायचे. तुम्ही पोरांचे पगार मोजायचात आणि मी स्टुलावर बसून नोटांना हात लावायचा नाही असं स्वतःला बजावत असायचे. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खिशात. कधी कधी उरायचे नाहीत, तरी येताना तुम्ही मला बसस्टँडवरची जिलबी घ्यायचात. तुमच्या शर्टाला कटिंग ऑइलचा वास असायचा आणि मला त्या वासात झोप लागायची. आता कुणी फोनवर तुम्हाला ‘ए म्हाताऱ्या’ म्हणतो आणि तुम्ही त्याला ‘साहेब’ म्हणता, हे मला सहन होत नाही.

तरीही, बँकेनं लेखी दिलं की मूळचे इतके राहिले आहेत, पैसे कुणाच्या खात्यात जायचे ते सांगितलं, आणि भरताच काही बाकी नसल्याचा दाखला द्यायचं कबूल केलं, आणि तेव्हाही तुम्हाला वाटलं की भरून मोकळं व्हावं, तर आपण चेकनं भरू. मी भरीन. त्यावर वाद नको. तुम्ही माझ्या इंजिनिअरिंगची फी भरलीत तेव्हा मी वाद घातला नव्हता. पण भीतीपोटी एक रुपया जाणार नाही.

आता नीट ऐका. बाबांच्या फोनमध्ये मी मागच्या वेळी नावं साठवली आहेत त्यांचेच फोन संध्याकाळी ७ नंतर वाजतील असं करून ठेवणार आहे. दूधवाला, गॅसवाला, डॉक्टर, भजनी मंडळ, आत्या, सगळे आहेत त्यात, कुणी राहिलं असेल तर आईनं यादी करून ठेवावी. दिवसा फोन आला तर एवढंच बोलायचं, ‘तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि बँकेचं पत्र पोस्टानं पाठवा, बाकी माझ्या मुलीशी बोला.’ आणि ठेवायचा. चिडायचं नाही, समजावत बसायचं नाही. कुणी दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं पत्र साखळीच्या फटीतून बघायचं, आत घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नको. आई, तुला जमणार नाही हे मला माहीत आहे, पण नको.

फक्त एक लक्षात ठेवा. कोर्टाचा बेलीफ खरंच समन्स घेऊन आला, किंवा कोर्टाचं रजिस्टर पत्र आलं, तर परत पाठवायचं नाही. घ्यायचं. तिथली सही कागद मिळाल्याची असते, देणं मान्य केल्याची नसते. त्याच दिवशी मला फोटो पाठवा, कारण तारखेला कुणी गेलंच नाही तर आपल्याविरुद्ध निकाल लागू शकतो. व्हॉट्सअॅपवर लाल अक्षरांत ‘लोकअदालत अंतिम सूचना’ असं येतं ते समन्स नव्हे. लोकअदालतीत दोन्हीकडची संमती असल्याशिवाय काही ठरत नाही. आईला तर सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क आहे, बाई असल्यामुळेच, उत्पन्न कितीही असो. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण असतं. नंबर १५१००.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका आणि रात्री कठड्याशी फेऱ्या मारत बसू नका. आई, गुडघ्याची तारीख डॉक्टरांकडून घेऊन ठेव, पुढे ढकलू नकोस, पैशांचं कारण तर मुळीच सांगू नकोस. मी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. ती प्लास्टिकची पिशवी, बँकेची जुनी पासबुकं आणि एफडीची पावती काढून ठेवा. आणि माझ्यासाठी भडंग आणायला उन्हाचं कुणी बाहेर पडायचं नाही, मी स्टँडवरून घेत येईन.

तुमची,
चिमू