चिऊच्या सरावाबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

काल चिऊ फोनवर रडत होती आणि मागून बाबांचा आवाज आला, ‘नववी झाली, आता बास झालं फुटबॉल.’ फोनवर वाद नको, म्हणून लिहितेय.

शाळेत मुलींचा संघ आहे, कागदावर. मैदान आधी मुलांना. त्यांचं आटपेपर्यंत साडेपाच होतात आणि लगेच सर म्हणतात, ‘पोरींनो, अंधार पडायच्या आत घरी जावा.’ बॉल मिळतो तोही मुलांनी टाकलेला, शिवण उसवलेला. गॅदरिंगला मात्र मुली आधी हव्यात. सकाळी सातपासून नऊवारी नेसून, पाहुण्यांना ओवाळायला. गेल्या वर्षी मॅच आणि पाहुणे एकाच वेळी आले, तर बाईंनी चिऊच्या हातात ताट दिलं. का? ‘तू उंच आहेस, फोटोत बरी दिसतेस.’ गोलकीपर म्हणूनही तिला उंचीमुळेच घेतलंय, हे बाईंना कोण सांगणार!

आमच्या वेळी तरी काय वेगळं होतं? सेक्रेटरी मुलगा, उपसेक्रेटरी मुलगी. गॅदरिंगचा हिशेब तिनं ठेवायचा, भाषण त्यानं ठोकायचं.

बाबा, तुम्ही शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस घसा बसेपर्यंत ओरडून बघितलेला माणूस. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत विश्वविजेती झाली, तेव्हा गल्लीत पेढे तुम्हीच वाटलेत. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला नेमबाजीतच सुवर्ण घेतलं, तेव्हा ‘आपल्या कोल्हापूरची पोरगी!’ म्हणून मला फोन केलात. त्यांच्या घरीही दहावीचं वर्ष आलंच असेल की.

आई, तुझी काळजी उशिराची आहे, ती मला पटते. पण बाबा रोज रंकाळ्यावर फिरायला जातातच, ते शाळेच्या मैदानाकडे वळले तर? सराव बघतील, येताना तिला घेऊन येतील. आणि दादाला सांग, सरांना नुसतं भेटून ‘बघतो म्हणाले’ ऐकून परत येऊ नको. तीन दिवस मैदान आधी मुलींना, असा लेखी अर्ज दे, चार पालकांच्या सह्या घेऊन, आणि पोच माग.

आई, गोलकीपरचे हातमोजे कुरिअरनं पाठवलेत. चिऊचा हात आता तुझ्याएवढा झालाय, म्हणून तुझ्याच मापाचे घेतले. आधी तू घालून बघ. बसले नाहीत तर दुकानदार बदलून देणार आहे, पावती पिशवीतच आहे.

तुमची,
मनू