नेकचा ब्रिजला, ब्रिजचा नेकला

प्रिय दादा,

तुमच्या गिटार दुरुस्तीच्या दुकानात आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत पुढची गिटार उचलता. म्हणून हे जाहीर पत्र.

मी आलो होतो गिटारला नवे हंबकर, म्हणजे तारांचा कंप पकडणारे दोन कॉइलचे पिकअप, बसवून घ्यायला. ऑर्केस्ट्रात नेक पिकअपवर (दांड्याकडच्या) कॉर्ड वाजवली की नुसता गदगदाट, आणि ब्रिजवर (तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिकडच्या पिकअपवर) सोलो घेतला की किरटा आवाज, कीबोर्ड-ऑक्टोपॅडखाली पार गडप. पैसे खिशात होते. तुम्ही ते बाहेर काढूच दिले नाहीत. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून जॅकला केबल लावलीत आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर टेकवलात. वेढ्यांचा रोध निघाला नेक ८.६ किलोओहम, ब्रिज ७.५. "हे तर उलटे बसलेत," एवढंच म्हणालात.

मग समजावलंत. झोपाळ्याची दोरी कडीजवळ कुठे हलते? तशीच तार ब्रिजजवळ जेमतेम थरथरते. नेककडे ती ऐसपैस हलते, म्हणून तिथे आवाज आपसूकच मोठा आणि खर्जाचा. हा फरक भरून काढायला हल्ली ब्रिजच्या पिकअपला तारेचे जास्त वेढे देतात, म्हणून त्याचा ओहमचा आकडाही जास्त; माझ्या गिटारमध्ये उलटं होतं. १९५७ च्या सुमाराला गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीने आपल्या सेथ लव्हर या इंजिनिअरचे हंबकर बसवायला सुरुवात केली, तेव्हा नेकचा वेगळा, ब्रिजचा वेगळा असा भेदच नव्हता. वेढे कमीजास्त व्हायचे आणि हाताला येईल तो पिकअप बसायचा. आज त्याच गिटारींना सोन्याचा भाव आहे, ही गंमतच.

नुसत्या ओहमवर जायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. वेढ्यांची तार बारीक असली तरी आकडा वाढतो, आणि चुंबक अल्निकोचा की सिरॅमिकचा हे मीटरला कळत नाही. माझे दोन्ही पिकअप एकाच जातीचे, म्हणून तुलना चालली. पोलमधलं, म्हणजे तारांखालच्या खिळ्यांमधलं, अंतरही सारखं निघालं. मग दोघांची अदलाबदल केलीत. ब्रिजच्या पिकअपची वायर नेकपासून स्विचपर्यंत पुरेना, तेव्हा तुकडा जोडून डाग दिलात.

सगळ्यात जास्त वेळ घेतलात तो स्विचच्या मधल्या जागेला, जिथे दोन्ही पिकअप एकत्र वाजतात. तिथे आवाज नाकातून आला तर वायर उलटी लागली समजायचं. फ्लीटवूड मॅकचा गिटारवादक पीटर ग्रीन याच्या लेस पॉल गिटारमध्ये उलट्या चुंबकाने तोच आवाज यायचा आणि लोक अजून त्याच्यावर जीव टाकतात; आमच्या लावणीच्या मेडलीत तो नको, हे तुमचं मत मला शंभर टक्के मान्य. शेवटी तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून उंची लावलीत: नेक जरा खाली, ब्रिज जरा वर.

आता नेकवर कॉर्डमधला एकेक सूर सुटा ऐकू येतो. ब्रिजला अंग आलंय. आमचा कीबोर्डवाला "नवीन गिटार घेतलीस का?" विचारत होता. मी हो म्हणून टाकलं.

तुम्ही फक्त डागाचे पैसे घेतलेत. पुढच्या आठवड्यात आमचा बेसवाला त्याचा घरघरणारा बेस घेऊन येतोय. त्याच्याकडून मात्र पूर्ण मजुरी घ्या, त्याला परवडते.

तुमचा,
ऑर्केस्ट्रातला गिटारवाला