राजीनाम्यामागचे घर

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गेले काही महिने मोठ्या पगाराची नोकरी सोडून मनाजोगते काम करणाऱ्या तरुणांवर एक सदर येत आहे. कुणी कोकणात मसाल्याची लागवड करतो, कुणी मातीची भांडी घडवते, कुणी गावातल्या मुलांसाठी निसर्गशाळा चालवते. मी हे सदर आवडीने वाचतो आणि त्यातल्या माणसांच्या कष्टांविषयी मला तिळमात्र शंका नाही. खटकते ते एवढेच, की राजीनामा दिला त्या महिन्यात घरभाडे कोण भरत होते, की ते भरावेच लागत नव्हते, याचा उल्लेख एकाही लेखात आलेला नाही. 'चाकोरी मोडण्याचे धाडस' असे म्हणून लेख पुढे सरकतो.

मी बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षे एका उपनगरी शाखेच्या कर्जविभागात होतो आणि शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितले जात नसे. त्यापुढे घर, जमीन किंवा ठेव, काहीतरी गहाण ठेवावे लागे. रक्कम कितीही असली तरी आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करत. अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाची सवलत मिळे आणि त्यानंतर नोकरी लागलेली असो वा नसो, हप्ता सुरू होई. नव्वद दिवसांहून अधिक काळ तो थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या लेखी थकबाकीत गेलेले, ठरे आणि नोटीस दोघांच्याही नावाने निघे. म्हणजे मुलाने नोकरी सोडायची की नाही, या प्रश्नावर बापाची सही चार वर्षे आधीच झालेली असे.

आमच्या खातेदारांत एक सुरक्षारक्षक होते. मुलाच्या अभियांत्रिकीसाठी त्यांनी सात लाखांचे कर्ज काढले होते, आणि रक्कम साडेसात लाखांच्या आत राहावी म्हणून मुलाने वसतिगृहाचा विचार सोडून रोज कल्याणहून लोकलने जाणे पत्करले होते. वडील दर महिन्याला रात्रपाळी संपवून थेट शाखेत येत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पासबुक काढून त्यात नोंद करून घेत आणि शिल्लक कर्जाच्या आकड्यावर बोट ठेवून तो पुटपुटत वाचत. मुलाला ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली. दीडेक वर्षाने तो एकटाच मला भेटायला आला. त्याला महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे होते; एका संस्थेने दोन वर्षांसाठी बोलावलेही होते, मात्र मानधन पगाराच्या निम्म्याहून कमी होते. "साहेब, हप्ता दोन वर्षं थांबवता येतो का?" एवढेच त्याने विचारले. थांबवता येत नाही, पण मुदत वाढवून हप्ता थोडा कमी करून घेण्यासाठी अर्ज करता येईल, असे सांगून मी आकडे कागदावर मांडून दिले. त्याने तो कागद बराच वेळ पाहिला, चौघडी करून खिशात ठेवला आणि "मी आलो होतो ते बाबांना सांगू नका" असे म्हणून तो गेला. अर्ज काही आला नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या एका तरुणाचे कर्जखाते त्याच्या वडिलांनी एका धनादेशात बंद केले आणि पुढच्या महिन्यात तो राजीनामा देऊन हिमाचलला गेला. दोघांची पदवी एक, पगारही जवळपास सारखाच. हिमतीतही मला फरक दिसला नव्हता.

हा प्रश्न निव्वळ पैशाचा आहे असे म्हणून जात बाजूला ठेवणे मुंबईत तरी शक्य नाही. पगाराची नोकरी सोडण्याची याच शहराशी जोडलेली एक मोठी हकीकत आपल्यासमोर आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ मध्ये ते रुजू झाले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. पारशी धर्मशाळेत मिळालेली जागा लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने सोडायला लावली आणि साऱ्या शहरात दुसरी मिळाली नाही. ते मुंबईस, परळच्या चाळीत परतले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकी त्यांनी १९२० मध्ये स्वतःहून सोडली ती अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी. त्यासाठी पगारातली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज अशी तजवीज करावी लागली. पहिली नोकरी जातीने सोडायला लावली आणि दुसरी सोडतानाही उसनवारी करावी लागली, हे आमच्या धंद्यातल्या माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

अमेरिकेत हेच वर्णाच्या बाबतीत घडले. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिक्षण आणि घर घेता यावे म्हणून १९४४ मध्ये कायदा झाला. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण कर्ज द्यायचे बँकांनी. १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांची पाहणी झाली, तेव्हा सरकारी हमीच्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळालेली कर्जे होती दोन. गोऱ्या सैनिकांनी तेव्हा घेतलेली घरे पुढे त्यांच्या मुलानातवंडांच्या कामी आली. आपल्याकडे असा आकडा कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. परंतु १९१५ मध्ये गावदेवीत उभी राहिलेली मुंबईतील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था एका ज्ञातीने आपल्या लोकांसाठी काढली होती, आणि आजही भाड्याची खोली शोधताना दलाल आधी आडनाव विचारतो. (ज्ञातीने एकत्र येऊन घरे बांधली यात गैर काही नाही. ज्यांना भागभांडवल जमवणे शक्य नव्हते त्यांची नातवंडे आज कुठे राहतात, एवढेच मला विचारायचे आहे.) राखीव जागेने महाविद्यालयात प्रवेश मिळतो, पण नोकरी सोडून दोन वर्षे तग धरता येईल इतकी गंगाजळी एका पिढीत साठत नाही.

आता माझ्याविषयी. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा पगार थांबला, तो कायमचाच. पुढच्याच वर्षी मी बँकेत लागलो. मला नाटकात काम करायचे होते, तालमींना जातही होतो. पण घरात सात माणसे आणि पगार एक, त्यामुळे नोकरी सोडण्याचा विचार माझ्या मनात आला असे म्हणणेसुद्धा अतिशयोक्तीचे होईल. गेल्या वर्षी माझ्या मुलीने सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडली आणि ती आता बालनाट्याच्या कार्यशाळा घेते. नातेवाईक तिच्या धाडसाचे कौतुक करतात, मीही करतो. मात्र ती राहते ते घर माझे आहे, विजेचे बिल माझ्या निवृत्तिवेतनातून जाते आणि तिच्या शिक्षणासाठी कर्ज काढण्याची वेळ आली नव्हती.

म्हणून विनंती अशी, की सदर बंद करू नये, पण मुलाखत घेताना राहते घर कुणाचे, शिक्षणाचे कर्ज होते का आणि असल्यास ते कुणी फेडले, पहिली दोन वर्षे घरखर्च कसा चालला, हेही विचारावे आणि मिळेल ते उत्तर छापावे. सुरक्षारक्षकाच्या मुलासारखी माणसेही हे सदर वाचत असणार, आणि आपल्यातच काही कमी आहे असा त्यांचा समज होणे मला बरे वाटत नाही. माझ्या मुलीची पाळी कधी आलीच, तर आमच्या सदनिकेचे हप्ते २००९ मध्ये फिटले आहेत, ही नोंद त्यात अवश्य असू द्यावी.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी
बोरिवली (पूर्व), मुंबई