अग्निगोल दिसल्यावर करायचं काम

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप वाचला. अंगण हिरवट उजळलं, गोळ्याचे शेवटी तीन तुकडे झाले आणि तो ‘समोरच्या टेकडीमागे पडला’. असा अग्निगोल फार थोड्यांना दिसतो. तुला दिसला याचा मनापासून आनंद झाला. पण टेकडीमागे शोधायला इतक्यात जाऊ नकोस. तुझ्या डोळ्यांत त्याची वाट अजून ताजी आहे, तोवर ती मोजून ठेव. दगडापेक्षा आत्ता तेच महत्त्वाचं आहे.

आधी टेकडीचं. अग्निगोल म्हणजे शुक्राहूनही तेजस्वी उल्का, उणे ४ प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका उणे, तितकं तेज जास्त) किंवा त्याहून प्रखर. ती उजळते तीच साधारण १०० किलोमीटर उंचीवर, आणि बऱ्याचशा ७०-८० किलोमीटरवरच संपतात. खूप खोल उतरणारी असली तरी २०-३० किलोमीटरवर विझते. समज, ती ३० किलोमीटर उंचीवर विझली आणि तुला क्षितिजापासून १० अंशांवर दिसली, तर ती तुझ्यापासून जवळजवळ १६० किलोमीटर दूर होती. तीच ५ अंशांवर विझली असेल तर अंतर २७५ किलोमीटरच्या घरात जातं. प्रखर गोष्ट जवळची वाटते, आणि अंधारात अंतर ठरवायला डोळ्याला दुसरा आधार नसतो. म्हणून ‘शेजारच्या शेतात पडली’ असं शंभर-शंभर किलोमीटरवरचे लोक एकाच उल्केबद्दल प्रामाणिकपणे सांगतात.

यातच तुझ्या मोजमापाचं मोल आहे. ५ अंश इकडेतिकडे झाले की ११५ किलोमीटरचा फरक पडतो. एकट्याच्या नोंदीतून फक्त दिशा कळते. दुसऱ्या गावच्या कुणी तीच उल्का वेगळ्या कोनातून नोंदली असेल, तर दोन्ही जुळवून आकाशातला खरा मार्ग आणि उंची काढता येते.

तर उभा होतास त्याच जागी परत जा. अगदी त्याच, कारण झाड ५ मीटरवर असेल आणि तू १ मीटर बाजूला सरकलास, तर झाडाची दिशाच ११ अंशांनी बदलते. खूण जितकी लांबची तितकी चांगली: मोबाईलचा टॉवर, पाण्याची टाकी, टेकडीची खाच. उल्का पहिल्यांदा दिसली ती जागा आणि विझली ती जागा, या दोन्हींच्या खुणा धर. वाट मध्येच नजरेला पडली असेल तर तसंच लिही. सुरुवात अंदाजाने मागे ओढू नकोस. विझण्याची जागा सगळ्यांत भरवशाची असते, कारण तोवर नजर तिच्यावर स्थिर झालेली असते. ती टेकडीआड किंवा झाडाआड गेली असेल तर ‘विझली’ असं न लिहिता ‘आड गेली’ लिही. या दोन शब्दांनी पुढचं सगळं गणित बदलतं.

दिशेसाठी फोनमधलं होकायंत्र चालेल, पण गाडी, लोखंडी कठडा आणि सळ्यांचा स्लॅब यांच्याजवळ ते फसवतं. हवेत आठचा आकडा काढत फोन फिरवून घे, मग दोनतीनदा मोज. आकडा खऱ्या उत्तरेपासूनचा की चुंबकीय उत्तरेपासूनचा, तेही टिपून ठेव. उंचीसाठी फोनच्या कडेवरून खुणेकडे बघ आणि कल मोजणाऱ्या अ‍ॅपवरचा कोन वाच. नाहीतर हात पूर्ण लांब करून मूठ धर: एक मूठ म्हणजे १० अंश, ताणलेली वीत २० च्या थोडी वर, करंगळीची रुंदी १ अंश. नुसत्या अंदाजाने सांगू नकोस. ३० अंशांवरची गोष्ट बऱ्याच जणांना ४५ वर वाटते. ताऱ्यांवरून आठवत असेल, ‘व्याधाच्या डावीकडून निघून मृगाच्या खालून गेली’ असं, तर फारच उत्तम. मात्र त्यासाठी वेळ अचूक हवी, कारण तारे दर चार मिनिटांना एक अंश सरकतात. निरोप तू लगेच पाठवला होतास ना? त्यावरची वेळ बघ.

कालावधीसाठी तो क्षण पुन्हा अभिनय करून दाखव: बोटाने वाट आखत जा आणि दुसऱ्या कुणाला घड्याळ लावायला सांग. आठवणीतले १० सेकंद अशा वेळी बहुधा ३-४ भरतात. खरोखरच अर्धा मिनिट चालली असेल आणि आडवी, सावकाश, तुकड्यांची रांग लावत गेली असेल, तर ते उपग्रहाचे किंवा रॉकेटचे अवशेष असण्याचा संभव जास्त. ते सेकंदाला ७-८ किलोमीटरने येतात. उल्का कमीत कमी ११ आणि जास्तीत जास्त ७२ किलोमीटरने.

हिरव्या रंगावर फार विसंबू नकोस. मॅग्नेशियममुळे हिरवट छटा येते, सोडियममुळे पिवळी, पण हवाही आपला रंग मिसळते आणि माणसागणिक डोळा वेगळा. सावली पडली का, ते आठव. ठळक सावली पडली असेल तर तेज अर्ध्या चंद्राच्या आसपास किंवा त्याहून जास्त होतं.

आवाजाचं नीट लिही. ३० किलोमीटरवरून धमाका यायला दीड मिनिटाहून जास्त लागतं, १०० किलोमीटरवरून पाचेक मिनिटं. पुढे कधी दिसलीच, तर घड्याळ बघून निदान दहा मिनिटं गप्प उभा राहून ऐक. पण काचेजवळ नको. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्कवर अवकाशातून आलेला सुमारे २० मीटरचा पाषाण हवेत फुटला. लखलखाट बघायला लोक खिडक्यांशी धावले, आणि दोनेक मिनिटांनी आलेल्या धक्क्याने काचा त्यांच्या अंगावर उडाल्या. जखमींचा आकडा दीड हजाराच्या आसपास गेला.

आजच करायचं काम म्हणजे आसपासचे सीसीटीव्ही बघणं. जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. कॅमेरा आकाशाकडे नसला तरी चालेल. चेल्याबिन्स्कला खांबांच्या फिरणाऱ्या सावल्यांवरूनही मार्ग काढता आला होता. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घे, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको, ते चित्र दाबून लहान करतं. सीसीटीव्हीच्या यंत्राची आणि फोनची घड्याळं शेजारी धरून एक फोटो काढ, म्हणजे यंत्र किती पुढे-मागे आहे ते कळेल. कॅमेरा जागचा हलवू देऊ नका. आणि घरच्यांनीही बघितली असेल, तर आपसांत चर्चा करण्याआधी प्रत्येकाला वेगळं लिहायला सांग; बोललं की सगळ्यांची आठवण एकसारखी होते.

दगड खाली आला असेलही. विझल्यावर तो सेकंदाला ५०-१०० मीटरच्या वेगाने काही मिनिटं अंधारात पडत राहतो, वाऱ्याने काही किलोमीटर वाहवतो, आणि जमिनीवर गरम नसतो. त्यामुळे जळलेलं गवत शोधण्यात अर्थ नाही. कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून दगड पडल्याचा पट्टा ठरला आणि तिथे काळ्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या सालीचा जड दगड मिळाला, तर आधी जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढ. उघड्या हाताने धरू नकोस, धुऊ नकोस, लोहचुंबक तर मुळीच लावू नकोस. त्याने दगडातला मूळ चुंबकीय ठसा पुसला जातो. स्वच्छ पिशवीत भर. २८ फेब्रुवारी २०२१ ला इंग्लंडमधल्या विंचकोम्ब गावी पडलेल्या अशनीचे, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्केच्या दगडाचे, पहिले तुकडे सुमारे बारा तासांत, पाऊस लागण्याआधी उचलले गेले, म्हणूनच त्यांचा अभ्यास इतका चांगला झाला. दगडात बुडबुड्यांची भोकं दिसली तर तो बहुधा भट्टीतला मळ असतो.

हे सगळं आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भर. तो फुकट आहे आणि असेच प्रश्न विचारतो. मलाही दोन दिशा, दोन उंच्या, वेळ आणि तुझ्या जागेचे अक्षांश-रेखांश पाठव. विझली की टेकडीआड गेली, ते आधी कळव.

तुझा मित्र