ऑनलाइन फॉर्ममधला तारखेचा रकाना

मा. संपादक, स.न.वि.वि.

राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सगळा फॉर्म नीट भरून होतो आणि गाडी अडते ती जन्मतारखेवर. १९५८ साली जन्मलेल्या काकांची तारीख घालायला कॅलेंडर उघडतं ते आजच्या महिन्यावर, काही फॉर्मात साल थेट निवडता येत नाही, टाइप पण करता येत नाही, मग काय बाण दाबत बसा, एकेक महिना मागं जायचं म्हणजे आठशेच्या आसपास क्लिक होतात की हो!

दुसरा घोळ त्याहून वाईट. आपल्याकडं जुन्या लोकांची शाळेतली जन्मतारीख बहुतेक १ जून, गुरुजींनीच लावलेली. ती आपण ०१/०६ लिहितो, पण अमेरिकन पद्धतीचा फॉर्म आधी महिना धरतो आणि गुपचूप ६ जानेवारी करून टाकतो. २५/०६ असली तर निदान एरर तरी येतो, कारण पंचविसावा महिना नसतो, पण बारापर्यंतच्या तारखा बिनबोभाट आत जातात आणि पुढं आधारशी जुळत नाही म्हणून अर्ज परत.

ब्राउझरचा तयार रकाना दाखवताना तारीख कशीही दाखवो, आत कायम वर्ष-महिना-दिवस असंच पाठवतो, म्हणजे तांत्रिक अडचण काही नाही. जन्मतारखेला कॅलेंडर हवंच कशाला? दिवस, महिना, साल असे तीन साधे रकाने द्या, महिना अक्षरात दाखवा. एसटी बुकिंगला कॅलेंडर ठीक आहे, तिथं वार बघायचा असतो.

– एक दुकानदार, कोल्हापूर